सुकाळातील मसलत

मेहेकरी नदी नगर तालुक्यातून आष्टी तालुक्यात उतरते आणि पुढे सीनेला मिळते. या नदीवर भातोडी येथे निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने बांधविलेला एक जुना तलाव आहे. आणि आष्टी तालुक्यातील कडा या गावापासून एका दिवसाच्या मजलेवर असलेल्या या तलावाच्या परिसरात १६२४ साली निजामशाहीच्या मलिक अंबराने मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजांचा जो पराभव केला, तो दक्षिणेच्या इतिहासातील मसलतीचा उत्कृष्ट नमुना म्हणून आजही सांगितला जातो. मोकळ्या मैदानात आपला टिकाव लागणार नाही हे जाणून अंबराने शत्रूला आपल्या पसंतीच्या भूमीवर येऊ दिले, त्याची रसद तोडली, तलावाचा बांध फोडून त्याच्या छावणीभोवतीचा मुलूख चिखलाने दुर्गम करून टाकला, आणि उपासमारीने व रात्रीच्या छाप्यांनी खचलेल्या त्या सैन्यावर मग निर्णायक घाव घातला. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले.

या विजयाचे माहात्म्य कमी करण्याचा हेतू नाही. परंतु त्याचे फळ मोजू गेल्यास ते बारा वर्षांचे भरते. १६२६ मध्ये अंबर वारला आणि १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. याच पुरुषाने, शत्रू वेशीवर नसताना, दोन निराळी कामे केली होती. जमिनीची प्रत आणि उभे पीक पाहून महसूल ठरविणारी, पाटील व रयत यांचे वंशपरंपरेचे हक्क मान्य करून वसुलाची जबाबदारी गावावर सोपविणारी जमाबंदी हे पहिले. आणि १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकी शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर हे दुसरे. राज्य गेले तरी जमाबंदीची घडी राहिली, आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची व्यवस्था लावताना तीच घडी उपयोगी पडली. खडकीचे औरंगाबाद झाले तरी नहरीचे पाणी तीन शतकांहून अधिक काळ त्या शहराला पोचत राहिले. लढाईचा निर्णय अंबराला परिस्थितीने घ्यावयास लावला. जमाबंदीचा आणि नहरीचा निर्णय घेण्यास त्या दिवशी त्याला कोणीही भाग पाडीत नव्हते. दूरवरच्या भवितव्याचे निर्णय असे, कोणीही भाग पाडीत नसताना, घ्यावे लागतात, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि ते मी कड्याच्या मुलखापुरते, पाण्याच्या संदर्भात, मांडणार आहे, कारण येथे या प्रश्नाची परीक्षा दर दोन-चार वर्षांनी होते आणि आपण दर वेळी तीच उत्तरपत्रिका पुन्हा लिहितो.

कडा हे पूर्वीपासून सीमेवरचे गाव. सीनेच्या अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी अंमलाचा नगर जिल्हा, अशी स्थिती १९४७ पर्यंत होती. आणि दोन अंमलांच्या मध्ये बसलेल्या गावाला जे लाभते ते, म्हणजे बाजारपेठ, कड्याला लाभले. नगर-आष्टी रस्त्यावरची ही पेठ, तिची बाजार समिती, व्यापारी समाजाने उभे केलेले अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ आणि त्याचे महाविद्यालय, ही या गावाच्या कर्तबगारीची साक्ष आहे. परंतु पेठेच्या भोवतालचा मुलूख अवर्षणप्रवण. सह्याद्रीने अडवून घेतल्यावर जो पाऊस उरतो तो येथे येतो, आणि आला तरी त्याचा मोठा हिस्सा मोजक्या मुसळधार दिवसांत पडून कडी, मेहेकरी आणि सीना या नद्यांनी निघून जातो. खाली काळा खडक. त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत मुरेल तेवढेच पाणी आपले. असा हा प्रदेश निसर्गाने दरिद्री केलेला नाही. जेमतेम दिले आहे आणि ते हिशेबाने वापरावे अशी त्याची अट आहे.

या अटीला आपण आजवर कोणते उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. पाऊस ओढ देतो, पैसेवारी पन्नासच्या खाली जाते, तहसील कचेरीत अर्जांचे गठ्ठे साचतात, टँकर सुरू होतात, जनावरांच्या छावण्या उघडतात. छावण्यांच्या बाबतीत आष्टी तालुका बीड जिल्ह्यातही पुढे असतो. ही सर्व कामे आवश्यक आहेत. जनावर दावणीला तडफडत असताना त्याच्यापुढे दूरदृष्टीचे व्याख्यान देणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. परंतु मृगाचा पाऊस लागताच छावणी उठते, टँकरचे बिल मंजुरीसाठी जाते, आणि दुष्काळाच्या चार महिन्यांत ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला पाण्याचा प्रश्न पोळ्यापर्यंत कोणाच्या स्मरणातही राहत नाही. चांगल्या पावसाची वर्षे अशी रिकामी जातात. वास्तविक तीच निर्णयाची वर्षे होत.

संकटात घेतलेला निर्णय कसा असतो हे पाहावयाचे असेल तर बोअरवेलच्या गाडीपाशी उभे राहावे. गाडी बहुधा तामिळनाडूतील तिरुचेंगोडे या गावाकडची. ती एका शिवारात आली म्हणजे शेजारचे शेतकरीही आपला नंबर लावून ठेवतात, आणि म्हणून काम पुष्कळदा रात्रीचे चालते. पाणाड्याने नारळ फिरवून दाखविलेल्या जागी यंत्र उभे राहते, कॉम्प्रेसरच्या आवाजाने बोलणे अशक्य होते, एकेक रॉड खाली जातो आणि भोकातून राखाडी धुरळा उडत राहतो. घरधनी घरून ठरवून आलेला असतो की चारशे फुटांवर थांबायचे. चारशे फूट होतात. धुरळाच उडत असतो. आता थांबावे तर चारशे फुटांचा पैसा मातीत गेला, आणि आणखी शंभर फूट घेतले तर कदाचित सगळेच वसूल होईल, या दोन विचारांच्या कात्रीत सापडलेला तो माणूस हाताने खूण करतो की घ्या अजून; आणि ही खूण तो पुन्हा एकदा, कधी पुन्हा दोनदा करतो. पाणी लागले तर गुलाल उधळला जातो. परंतु ते पाणी पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीचेच असते, आणि दोन उन्हाळ्यांनंतर दोन्ही कोरड्या पडतात. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर वा बोअर घेऊ नये असा निर्बंध घालणारा महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ साली संमत झाला आणि २०१४ पासून अंमलात आला. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. कायदा सरकारी दप्तरात आहे आणि गाडी त्याच्या कितीतरी खाली चालली आहे.

त्या शेतकऱ्याला अविवेकी म्हणण्यास माझे मन धजत नाही. झाडावरची मोसंबी वाळत आहेत, डोक्यावर सोसायटीचे आणि सावकाराचे देणे आहे. अशा माणसाला दहा वर्षांनंतरच्या भूजलपातळीची काळजी करण्याची सवड आपण ठेवलेलीच नसते. हाच न्याय दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिमेकडे निघणाऱ्या हजारो जोडप्यांना लागू आहे. मुकादमाची उचल हातात पडते तेव्हा घरातले आजारपण, मुलीचे लग्न किंवा मागल्या हंगामाची बाकी समोर असते. त्या उचलीने पुढचे सहा महिने विकले जातात आणि मुलांची शाळा मागे राहते, हे त्यांना ठाऊक नसते असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. दूरदृष्टी हा केवळ बुद्धीचा गुण नाही. तिला अन्नाचा आणि निश्चिंतीचा आधार लागतो, आणि ज्याच्यापाशी पुढल्या महिन्याची शाश्वती नाही त्याच्याकडून पुढल्या पिढीच्या नियोजनाची अपेक्षा करणे हा अन्याय होय. यास्तव लांबच्या पल्ल्याचा कोणताही शहाणा निर्णय पहिल्याने दुर्बळाला थोडा काळ मिळवून देतो, म्हणजे घाईने निर्णय घेण्याच्या सक्तीतून त्याला सोडवतो.

महाराष्ट्राने असा एक निर्णय घेतलेला आहे, आणि तो कसा घेतला गेला याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लक्षावधी माणसे कामावर आली, खडी फोडून, पाझर तलाव आणि नालाबंध बांधून जगली, आणि रोजगार हमी योजना ही त्या दुष्काळाची देणगी असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि तिची कल्पना दुष्काळातली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती १९६५ मध्येच मांडली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोगही केला. गावातल्या ज्या धडधाकट माणसाला काम हवे आहे त्याला ते देण्याची जबाबदारी सरकारची, आणि ते काम जमीन व पाणी यांची वाढ करणारे असावे, एवढा साधा तिचा आशय होता. म्हणून सात वर्षांनी आकाश कोरडे पडले तेव्हा सरकारपाशी एक तपासून पाहिलेली तजवीज तयार होती. पुढे शहरांतील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून तिच्या पैशाची तरतूद झाली, १९७७ मध्ये कायदा संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तीच कल्पना देशभर नेली. दुष्काळाने योजना निर्माण केली नाही. तयार असलेल्या योजनेला त्याने वाट करून दिली.

हा क्रम केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसून नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यानंतर त्या देशाने खाड्यांच्या मुखांवर बांध घालण्याचे जे प्रचंड काम हाती घेतले ते १९९७ पर्यंत चालले. परंतु तेथील जलखात्यातील योहान व्हान वेन हा अभियंता बंधारे अपुरे असल्याचे आधीपासून सांगत होता आणि खाड्या बंद करण्याचे आराखडे त्याने महापुरापूर्वीच सिद्ध केले होते. म्हणून महापुरानंतर नेमलेल्या आयोगाला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी पुष्कळ आळस दूरदृष्टीच्या नावाखाली खपून जातो. लांबच्या पल्ल्याचा निर्णय वेगळा आणि लांबणीवर पडलेला निर्णय वेगळा. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हा त्याचा अंदाजी खर्च ३५३ कोटी रुपये होता. कड्याच्या स्थानकावरून आष्टीपर्यंत पहिली गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडला रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात खर्चाचा आकडा ४,८०५ कोटींवर गेला होता. म्हणजे १९९५ साली कड्याच्या शाळेत पहिलीत बसलेले मूल आपल्या गावच्या स्थानकावर गाडी पाहीपर्यंत तिशी ओलांडून गेले होते. मार्ग योग्य होता, त्याची निवड दूरदर्शी होती. परंतु दर वर्षी थोडी-थोडी तरतूद टाकून निर्णय जिवंत असल्याचा देखावा करणे हा दीर्घकालीन विचार नव्हे. ज्या निर्णयाला पैसा, मुदत आणि जबाबदार माणूस या तिन्ही गोष्टी जोडलेल्या नाहीत, तो निर्णयच नव्हे.

आता एका आक्षेपाचा विचार करू, कारण तो विचारवंतांकडूनही येतो. भविष्य कोणी पाहिले आहे? केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच बजावून ठेवले आहे की दीर्घ काळात आपण सारेच मरून गेलेले असू. मग पन्नास वर्षांच्या गोष्टी कशाला? केन्सचा रोख, वादळ शमल्यावर समुद्र पुन्हा शांत होईल एवढेच सांगून स्वस्थ बसणाऱ्या अर्थपंडितांवर होता. भविष्याचा विचार सोडा असे त्याचे म्हणणे नव्हते. परंतु आक्षेपातील तथ्यांश मला मान्य आहे. पुढचा पाऊस, पुढचा भाव, पुढचे सरकार यांपैकी काहीच आपल्याला सांगता येत नाही. नेमके याच कारणासाठी, ज्या वाटेवरून परत फिरता येते ती वाट आणि ज्या वाटेवरून फिरता येत नाही ती वाट यांतला फरक आधी ओळखला पाहिजे. एका हंगामात तूर लावली आणि भाव पडला तर पुढल्या हंगामात हरभरा लावता येतो. नुकसान होते, पण ते त्या वर्षापुरते असते. उसाचे तसे नाही. ऊस उभा राहिला की त्याच्यासाठी पाइपलाइन येते, पाइपलाइनसाठी कर्ज येते, उसासाठी कारखाना येतो, कारखान्यासाठी भागभांडवल, त्यासाठी बँकेचे कर्ज, कारखान्याच्या संचालक मंडळासाठी निवडणूक आणि निवडणुकीसाठी पुन्हा अधिक ऊस. आणि मग एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही म्हणून यातली एकही कडी सोडता येत नाही.

कड्याच्या परिसराने हे पाहिलेले आहे. येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो आपल्या पायावर टिकू शकला नाही आणि बंद पडला. त्याची कारणे अनेक असतील, कारभाराचीही असतील. परंतु ज्या मुलखात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते तेथे बारमाही पाण्याच्या पिकावर कारखान्याची दर हंगामाची भूक भागविण्याची आशा धरणे, ही गोष्ट कितीही चोख कारभाराने निभावली असती असे मला वाटत नाही. ज्या लोकांनी शेअर्स घेतले त्यांचा हेतू थोर होता: आपल्या लेकरांनी दुसऱ्याच्या कारखान्याचा ऊस तोडायला जाऊ नये. पश्चिम महाराष्ट्राने साखरेतून वैभव उभे केले ते त्यांना डोळ्यांनी दिसत होते. मात्र दुसऱ्याचे यश उचलताना त्या यशाखालचे पाणी उचलून आणता येत नाही, हे कोणी आकडे मांडून सांगितले नाही, अथवा सांगितले असेल तर ते ऐकून घेण्याची ती वेळ नव्हती.

ऐकून घेण्याची वेळ कोणती, याचे उत्तर शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दिलेले आहे. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, १९९० नंतर, या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, समतल चर आणि बांधबंदिस्ती अशी कामे केली, हे सर्वश्रुत आहे, आणि दरवर्षी शेकडो पाहुणे ती पाहून जातात. परंतु चर खणणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ झाली. त्यांतली बरीच पुन्हा कोरडी पडली. हिवरे बाजारचे वेगळेपण असे की विहिरींना पाणी चढले, हातात पैसा खेळू लागला, आणि आता बोअर घ्यावी, ऊस-केळी लावावी असा मोह ज्या क्षणी स्वाभाविकपणे झाला असता, त्या क्षणी गावाने शेतीच्या बोअरवर आणि या पिकांवर घातलेली बंदी ढळू दिली नाही. दर वर्षी पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींच्या पातळ्या घ्यायच्या, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात कोणती रब्बी पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे, हा पाण्याचा ताळेबंद तेथे चांगल्या पावसाच्या वर्षीही मांडला जातो. पाऊस चांगला असताना तो मांडण्याची सवय असते म्हणूनच पाऊस कमी झाल्यावर तो मानला जातो.

दुसरे उदाहरण विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचे, आणि माझ्या मते ते अधिक मूलगामी आहे. १९७२ च्या दुष्काळाने हेलावलेला हा पुण्याचा अभियंता आणि कारखानदार पुरंदर तालुक्यात नायगाव येथे देवस्थानची पडीक जमीन खंडाने घेऊन बसला, आणि तेथील अनुभवातून त्याने उपसा सिंचनाच्या सामुदायिक योजनांसाठी नियम बांधले: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, उसासारखी पिके घ्यायची नाहीत, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. हे नियम पाणी येण्यापूर्वी ठरत. ज्यांना मान्य असतील त्यांनीच योजनेत यायचे. कारण पाणी एकदा शेतात आले की प्रत्येक जण आपल्या बांधापाशी उभा राहून न्यायाचा विचार करू लागतो, आणि तोपर्यंत कोणालाच ठाऊक नसते की आपला बांध पाटाच्या तोंडाशी येणार की शेपटाला. निःपक्षपाती नियम करण्याची संधी त्या अज्ञानाच्या काळातच असते. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या पुष्कळशा योजना पुढे वीजबिलांनी, आपसांतील तंट्यांनी आणि सरकारच्या थंडपणाने मंदावल्या, हेही सांगितले पाहिजे. एका व्यक्तीच्या नैतिक वजनावर उभा असलेला नियम त्या व्यक्तीबरोबर दुबळा होतो, आणि म्हणून त्याला कायद्याचे पाठबळ लागते.

आता आष्टी तालुक्यापुढे हाच प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील ७ टीएमसी पाण्यापैकी १.६८ टीएमसी पाणी आष्टी तालुक्याच्या वाट्याचे असून, ते उजनी धरणाच्या फुगवट्यातून कर्जत तालुक्यातील शिंपोरा येथून उचलून खुंटेफळ येथील साठवण तलावात आणावयाचे आहे. तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली ते पाणी आता दृष्टिपथात आहे, आणि त्यासाठी ज्यांनी-ज्यांनी झगडून मंजुऱ्या मिळविल्या त्यांचे ऋण मान्य करावे तेवढे थोडेच. परंतु १.६८ टीएमसी म्हणजे किती, याचा हिशेब पेठेत, पारावर आणि सोसायटीच्या कचेरीत मांडला गेल्याचे दिसत नाही. तो मांडू. एवढे पाणी सुमारे ४,७५७ कोटी लिटर भरते. पाटाने भिजविलेल्या उसाला हेक्टरी पावणेदोन ते दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे वाटेतली गळती आणि बाष्पीभवन शून्य धरले तरी हे सगळे पाणी अडीच हजार हेक्टरांच्या आसपास उसात संपेल. तेच पाणी रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला सात-आठ सेंटिमीटरच्या तीन पाळ्यांनी दिले तर वीस हजारांहून अधिक हेक्टर भिजतील. ठिबक आणले, फळबाग आणली, कांदा आणला, जनावरांचा चारा आणला, तर आकडे मधे कोठेतरी पडतील. शिवाय हे पाणी उताराने आपोआप येणारे नव्हे. ते विजेने उचललेले आहे, आणि त्याचे बिल दर महिन्याला येणार आहे. पाण्याचा प्रत्येक थेंब किती घरांत पोचतो आणि त्यातून बिल भरण्याइतकी मिळकत होते की नाही, या दोन प्रश्नांवर ही योजना वीस वर्षांनी चालू असेल की गंजलेल्या पंपांचे पडीक घर होऊन राहील, हे ठरणार आहे.

उजनीचेच उदाहरण घ्या. १९८० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील ते धरण पुरे झाले, आणि तो जिल्हा आज राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. त्या वैभवाचा हेवा करण्याचे कारण नाही. मात्र एकदा कारखाने उभे राहिल्यानंतर तेथे कोणत्याही सरकारला, कोणत्याही पक्षाला, उसाखालचे पाणी कमी करून शेपटाच्या गावांना देण्याची गोष्ट बोलणे किती कठीण झाले, ते टंचाईच्या प्रत्येक वर्षी आवर्तनावरून होणाऱ्या भांडणांत दिसते. आष्टीला अद्याप ही अडचण नाही. येथे अजून नव्या पाण्यावर कोणाचे हितसंबंध रुजलेले नाहीत, कोणाची पाइपलाइन पुरलेली नाही. ही मोकळीक फार थोडे दिवस राहणार आहे.

बंदीचा हुकूम काढावा असे मात्र मी म्हणत नाही. सरकारने वरून घातलेली पीकबंदी आपल्याकडे टिकत नाही. तिच्यातून फक्त चोरटे पाणी आणि खोटे पंचनामे निपजतात. याहून चांगला मार्ग २००५ च्या कायद्याने खुला करून ठेवला आहे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या या अधिनियमान्वये लाभधारकांना पाणीवापर संस्था नोंदविता येते, तिला पाण्याचा कोटा घनमापाने मंजूर होतो, आणि त्या कोट्यात कोणते पीक घ्यावे हे शेतकऱ्याने ठरवायचे असते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडील वाघाड धरणावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास अशा संस्था उभारण्यास आरंभ केला, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था वाटू लागल्या. तेथे कोणी कोणाला उसापासून हाताला धरून अडविले नाही. पाणी मोजून मिळू लागले, मोजून मिळालेल्या पाण्याचे पैसे भरावे लागले, आणि शेतकऱ्याने आपल्याच हिशेबाने कमी पाण्यात अधिक उत्पन्न देणारी द्राक्षे आणि भाजीपाला निवडला. ज्याला ऊस लावावयाचा असेल त्याने तो आपल्या कोट्यात बसेल तेवढा अवश्य लावावा. शेजाऱ्याच्या वाट्यातून मात्र लावू नये. यात कोणाचेही स्वातंत्र्य जात नाही.

गावाच्या राजकारणाचे काय, असा प्रश्न येथे येणारच. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, आमदाराची पाच वर्षांची. मत मागण्याच्या वेळी पाण्यावर मर्यादा घालण्याची भाषा कोण करील? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच दिसते की पागे यांच्या योजनेला शहरी करदात्याने पैसा दिला आणि त्याबद्दल कोणते सरकार पडले नाही. हिवरे बाजारच्या लोकांनी निर्बंध घालणाऱ्या नेतृत्वाला पुन:पुन्हा निवडून दिले. नियम सर्वांना सारखा आहे आणि तो आपल्यासमोर ठरला आहे, अशी खात्री पटल्यास आपला शेतकरी मोठी झीज सोसतो. तो बंड करतो ते वशिल्याविरुद्ध.

सप्टेंबर २०२५ मध्ये आष्टी तालुक्यावर असा पाऊस कोसळला की कडा आणि आसपासच्या गावांत पाण्याने वेढलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. शेते खरवडून गेली, उभी पिके गेली, आणि ज्यांचे गेले त्यांना भरपाई मिळणे हा त्यांचा हक्क आहे. त्याच महिन्यात रेल्वे बीडला पोचली. विहिरी भरल्या, बंधारे वाहिले. पाण्याविषयी काही ठरविण्याची निकड या घटकेला कोणालाही वाटत नसेल. माझी विनंती त्या कारणासाठीच आहे. खुंटेफळचे पाणी ज्या-ज्या गावांना मिळावयाचे आहे त्यांनी पंप सुरू होण्याची वाट न पाहता, येत्या वर्षाच्या आत, आपापल्या पाणीवापर संस्था नोंदवाव्यात. पिण्याचे पाणी, चारा आणि भूमिहीनांचा वाटा आधी काढून उरलेल्याचा कोटा माणशी ठरवावा. वीजबिलाचा निधी पहिल्या पाळीपूर्वी बँकेत ठेवावा. आणि हे सर्व ग्रामसभेत वाचून, ठराव करून, इतिवृत्तात लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कड्याच्या महाविद्यालयातील तरुणांनी आपापल्या गावी पर्जन्यमापक बसवून नोंदी ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. त्याला लागणारा खर्च अगदी थोडा आहे. आणि ज्या पुढाऱ्यांनी हे पाणी मंजूर करून आणले त्यांनी त्याच्या वाटपाचे नियमही आपल्याच कारकिर्दीत, पाणी येण्याअगोदर करून द्यावेत.